मोरी बदलताना चढणीच्या माशांची वाट कशी मोकळी करावी: मोजणीपासून तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत

रस्त्याखालची मोरी बदलली. सहाशे मिलिमीटर व्यासाच्या नळ्या काढून हजाराच्या टाकल्या, दोन्हीकडे देखणं दगडी पिचिंग केलं. जूनमध्ये ओढा वाहता झाल्यावर बघायला गेलं, तर मासे खालच्या डबक्यात उड्या मारतायत आणि वर एकही नाही. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात असं सांगणारे दरवर्षी भेटतात. चूक बहुतेक वेळा एकाच जागी असते. मोरीची तळपातळी रस्त्याच्या किंवा जुन्या नळीच्या हिशेबाने धरलेली असते, ओढ्याच्या हिशेबाने धरलेली नसते.

मोरी ओढ्याच्या तळावर बसवायची नसते. ती तळाच्या खाली गाडायची असते, म्हणजे ओढ्याचा दगडगोट्यांचा तळ आत शिरून अखंड पलीकडे जातो. पुढचं सगळं एवढ्याचसाठी आहे.

हे मार्गदर्शन ६ मीटरपर्यंतच्या मोऱ्यांचं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या व्याख्येत त्याहून मोठं काम लहान पूल ठरतं. लोखंड किती आणि स्लॅब किती जाड, हे अभियंत्यानेच ठरवायचं. इथे बोलायचंय ते रुंदी, पातळी आणि तळ यांबद्दल, कारण घोळ तिथेच होतो.

## आधी हे कळू द्या: मासा नेमका कुठे अडतो

तीन गोष्टी अडवतात, आणि बऱ्याच मोऱ्यांत तिन्ही एकदम असतात.

पहिली उडी. नळीतून जोरात पडणारं पाणी खाली खड्डा पाडतं आणि दर पावसाळ्यात नळीचं तोंड अधिकच अधांतरी होत जातं. एक-दीड वीत उडीसुद्धा बोटभर माशाला जड जाते. मळ्यासारखा मासा ओठाखालच्या चकतीने ओल्या खडकाला चिकटत चढतो, पण हवेत लोंबणाऱ्या नळीला चिकटायला जागाच नसते.

दुसरी गोष्ट वेग. ढोबळ हिशेब असा, की लहान मासा जीव खाऊन पोहला तर काही सेकंद सेकंदाला आपल्या लांबीच्या दहापट अंतर तोडतो. १० सेंटिमीटरचा मासा म्हणजे सेकंदाला एक मीटर. आता हजाराची सिमेंट नळी शंभराला एक उताराने बसवली आणि तिच्यात १५ सेंटिमीटर पाणी असलं, तर वेग सेकंदाला दीड मीटरच्या आसपास जातो. नळी अर्धी भरली की तो ३ मीटर होतो. नळ्या अडीच-अडीच मीटरच्या, तीन जोडल्या की साडेसात मीटर. वाटेत दम खायला एक दगड नाही.

तिसरी उथळ पाणी. सपाट काँक्रीटच्या फरशीवर पाणी पसरून बोटभर राहतं. मासा अर्धा उघडा पडतो आणि बगळ्याचं काम सोपं होतं.

नळीचा व्यास वाढवून यातलं एकही दुखणं जात नाही.

## टप्पा १: कोणती मोरी आधी घ्यायची

ओढा जिथे नदीला किंवा धरणाच्या फुगवट्याला मिळतो, तिथून वर चालत जा. वाटेतला प्रत्येक अडथळा वहीत मांडा: मोरी, फरशी पूल, सिमेंटचा नाला बंधारा, केटी वेअर (कोल्हापूर पद्धतीचा बंधारा), शेतकऱ्याने घातलेली दगडी ताल, नैसर्गिक धबधबा. प्रत्येकाची उडी आणि लांबी लिहा.

काम खालून वर घ्यायचं. खालची मोरी बंद ठेवून वरची सुधारली, तर ती माशांसाठी नाही, फोटोसाठी झाली. निधी ज्या सदस्याच्या गटात आला तिथली मोरी आधी, हा आपल्याकडचा रिवाज आहे. तो मोडायला वहीतली ही यादी आणि एक हातनकाशा ग्रामसभेत कामाला येतो.

दोन ठिकाणी थांबून विचार करा. मोरीच्या वर शंभर पावलांवर दोन पुरुष उंच कातळकडा असेल, तर वर मोकळं होणारं पाणी फार नाही. आणि खाली दीड मीटरचा सिमेंट बंधारा असेल, तर आधी त्याचं काहीतरी करा.

तपासणी: ही पायपीट शक्यतो जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर दोन-तीन दिवसांत, सकाळी करा. डबक्यात मासे जमून वर धडका मारताना दिसले तर मोरी अडवते हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. कार्यालयात पानभर अर्जापेक्षा तो लवकर समजतो.

## टप्पा २: मोजणी

मोजणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावी. पाणी ओसरलेलं असतं, पण पुराच्या खुणा अजून ताज्या असतात. साहित्य थोडंच लागतं: ३० मीटरचा टेप, गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी किंवा भाड्याची ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण), स्टाफ म्हणजे मापाची उभी पट्टी, चुना आणि वही.

रुंदी. लागते ती काठोकाठ भरलेल्या ओढ्याची रुंदी, म्हणजे दरवर्षीच्या नेहमीच्या पुरात पाणी जिथपर्यंत भरतं ती. वाहत्या पाण्याची नव्हे आणि महापुराचीही नव्हे. खुणा ओळखता येतात. खाली धुतलेले गोटे, वर माती. खाली उघडी मुळं, वर कायमचं गवत. काठ जिथे उभा संपून आडवा होतो ती कड. पाच जागी मोजा आणि सरासरी घ्या.

सावधान: मोरीच्या लगत मोजू नका. खाली खड्ड्यामुळे ओढा खोटा रुंद झालेला असतो, वर गाळ साचून पसरलेला असतो. मोरीपासून निदान पन्नास-साठ मीटर लांब जा. शेतकऱ्याने दोन्हीकडून बांध सारून ओढ्याची चिंचोळी चारी केली असेल, तर तिथलंही माप धरू नका.

उभा छेद. ओढ्याच्या सर्वांत खोल रेषेने, मोरीच्या खाली आणि वर प्रत्येकी चाळीस-पन्नास मीटर, दर दोन मीटरला तळाची पातळी घ्या. जिथे तळ एकदम बदलतो तिथे जादा वाचन घ्या: खड्ड्याचा तळ, खड्ड्याचा काठ, नळीचं तोंड, वरच्या गाळाचा माथा, उघडा कातळ. शून्य पातळीची खूण कातळावर किंवा जुन्या झाडाच्या मुळावर रंगवा, मोरीच्या कठड्यावर नको. कठडा पाडायचाच आहे. हसू नका, हे घडतं.

दगड. वरच्या अंगाला, जिथे ओढा नैसर्गिक आहे, तिथे चालत चालत न बघता शंभर दगड उचला आणि प्रत्येकाचं मधलं माप लिहा. सर्वांत मोठे कोणते, बहुतेक कोणत्या मापाचे, वाळू-माती किती, हे त्यातून कळतं. आत तळ भरताना हीच यादी लागणार आहे.

कातळ. पहार मारून किंवा लहान खड्डे घेऊन मोरीच्या जागी खडक किती खाली आहे ते बघा. आपल्याकडे वितभर गाळाखाली काळा पाषाण लागतो, आणि दहा मीटर पुढे पुरुषभर मुरूम. यावर मोरीचा प्रकार ठरतो.

## टप्पा ३: खरा तळ कुठे आहे, त्याची रेषा काढणं

या टप्प्यावर घाई केली तर पुढचं काम कितीही चोख झालं तरी वाया जातं.

जुन्या मोरीने ओढ्याचा तळ दोन्हीकडे बिघडवलेला असतो. वर गाळ चढलेला, खाली खड्डा पडलेला. म्हणून मोरीजवळचा तळ खरा धरायचा नाही. खड्ड्याच्या पलीकडे, खाली, न हलणारी एक जागा शोधा: कातळाची पट्टी किंवा मोठ्या दगडांची जुनी उतरंड. तशीच दुसरी वर, गाळाच्या पलीकडे. या दोन जागा रेषेने जोडा. मोरी नसती तर तळ साधारण याच रेषेवर असता.

एक उदाहरण आकड्यांत घेऊ. ओढ्याच्या पाच रुंदी २.६, ३.१, २.८, ३.४ आणि २.६ मीटर, सरासरी २.९. खालच्या पक्क्या जागेला शून्य धरलं. ती जुन्या मोरीच्या खालच्या तोंडापासून २४ मीटरवर आहे. मोरी ८ मीटर लांब. वरची पक्की जागा मोरीच्या वरच्या तोंडापासून २६ मीटरवर, पातळी १.३९. एकूण अंतर ५८ मीटर, म्हणजे उतार १०० ला २.४.

आता मोरीच्या खालच्या तोंडाशी खरा तळ येतो २४ × ०.०२४ = ०.५८ मीटरवर, आणि वरच्या तोंडाशी ३२ × ०.०२४ = ०.७७ वर. जुन्या नळीचं तोंड मात्र ०.९५ वर निघालं, म्हणजे खऱ्या तळापेक्षा ३७ सेंटिमीटर वर. नवी मोरी “जुन्याच पातळीला” बसवली असती तर हे ३७ सेंटिमीटर कायमचे राहिले असते. अंदाजपत्रकात “जुन्या पातळीनुसार” हे शब्द दिसले की तिथेच लाल पेन चालवा.

पेटी मोरी, म्हणजे तळ, भिंती आणि स्लॅब असलेली काँक्रीटची चौकोनी मोरी, दोन मीटर उंचीची घेतली, तर तिच्या उंचीचा ३० टक्के भाग, म्हणजे ६० सेंटिमीटर, या रेषेखाली गाडायचा. खालच्या तोंडाशी पेटीचा आतला तळ येतो उणे ०.०२ वर आणि वरच्या तोंडाशी ०.१७ वर.

सावधान: नकाशावर नुसतं “६० सेंटिमीटर खाली” लिहू नका. माझ्या पहिल्या मोरीत मी तेच केलं. मिस्त्रीने वरच्या अंगाच्या गाळापासून ६० मोजले. गाळ होता ४० सेंटिमीटरचा. पुढच्या श्रावणात तो वाहून गेला आणि हातात उरले २०. तेव्हापासून प्रत्येक कोपऱ्याची पातळी रंगवलेल्या खुणेपासून आकड्यात लिहितो आणि त्याच कागदावर खुणेचा फोटोही चिकटवतो.

उतार फार, म्हणजे १०० ला ४-५ च्या पुढे असेल, किंवा खालची पक्की जागा सापडतच नसेल, तर हे काम लेव्हल नळीवर करू नका. नदीच्या तळाचं काम जाणणारा अभियंता गाठा.

## टप्पा ४: रुंदी आणि प्रकार

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सॅमनसाठी मोऱ्या बदलताना एक सूत्र वापरतात: काठोकाठ रुंदीच्या १.२ पट, अधिक २ फूट. आपल्या उदाहरणात २.९ × १.२ = ३.४८, अधिक ०.६, म्हणजे साधारण ४ मीटर स्पष्ट गाळा (दोन भिंतींमधलं मोकळं अंतर). आपले मासे सॅमन नाहीत, पण सूत्र माशाच्या जातीवर नव्हे, ओढ्याच्या रुंदीवर आहे. आत ओढ्याला काठासकट मावता आलं की वेग बाहेरच्याइतकाच राहतो, आणि बाहेर जो मासा चढतो तो आतही चढतो. मळ्या, कोळस, वाम, झिंगे, खेकडे अशी प्रत्येकाची वेगळी तजवीज करावी लागत नाही.

प्रकार निवडताना माझा क्रम असा:

१. बिनतळाची स्लॅब मोरी. दोन बाजूंना भिंती, वर स्लॅब, खाली ओढा तसाच. कातळ जवळ असेल तर याच्यापुढे दुसरं काही नको. पाया कातळात खाच पाडून बसतो. खाच ब्रेकरने पाडा.

२. गाडलेली पेटी मोरी. मुरूम किंवा गाळाची जमीन असेल, कातळ खोल असेल तेव्हा. वरचं उदाहरण याचंच आहे.

३. गाडलेली एकच मोठी नळी. अगदी लहान ओहोळाला, तीही निम्म्याजवळ गाडता येत असेल तरच.

चार लहान नळ्या शेजारीशेजारी टाकणं यादीत नाही. मधल्या खांबाला काटक्या, उसाचं पाचट, प्लास्टिक अडकतं, दोन नळ्या बुजतात आणि उरलेल्या दोघींत पाणी बंदुकीसारखं सुटतं.

सर्वांत नेहमीची चूक: बिनतळाची मोरी बांधायची आणि शेवटच्या दिवशी, उरलेल्या काँक्रीटची “मजबुतीसाठी” दोन भिंतींमध्ये तळपातळीला फरशी ओतायची. एका दुपारी सगळं काम पाण्यात! नकाशावर ठळक लिहा: दोन भिंतींमध्ये काँक्रीट नाही.

## टप्पा ५: पुराची पडताळणी

रुंदी ओढ्याने ठरवली, आता पूर मावतो का ते बघा. घाटाकडच्या पाणलोटातून किती पूर येईल याच्या अंदाजासाठी इंग्लिसचं सूत्र आपल्याकडे वापरात आहे. पाणलोट चौरस किलोमीटरमध्ये घ्या, त्याला १२४ ने गुणा, आणि पाणलोटात १०.४ मिळवून त्याचं वर्गमूळ काढून भागा. ४० हेक्टरच्या, म्हणजे ०.४ चौरस किलोमीटरच्या पाणलोटाला सेकंदाला सुमारे १५ घनमीटर येतात.

४ मीटर रुंद आणि भरलेल्या तळावर १.४ मीटर मोकळी पेटी म्हणजे ५.६ चौरस मीटर. सेकंदाला ३ मीटर वेग धरला तर जवळपास १७ घनमीटर जातात. जमलं. हजाराच्या दोन नळ्यांतून सेकंदाला ४-५ घनमीटरच गेले असते, बाकीचं रस्त्यावरून. गाडलेल्या मोरीत “अर्धी उंची वाया जाते” म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा. येवला, नांदगावकडच्या कोरड्या पाणलोटांना हेच सूत्र जसंच्या तसं लावू नका, आकडा फुगतो.

## टप्पा ६: कागद

रस्ता कोणाचा ते आधी बघा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. वनहद्द लागत असेल तर वन विभागाची लेखी परवानगी घ्या. पेसा गावांत, म्हणजे आदिवासी क्षेत्राचा पेसा कायदा लागू असलेल्या गावांत, ग्रामसभेचा ठराव पहिल्या दिवशीच करा. तळासाठी बाहेरून गोटे आणायचे तर गौण खनिजाची परवानगी तहसीलमधून. दुसऱ्या ओढ्यातून गोटे उचलून या ओढ्यात टाकणं म्हणजे एका माशाचं घर मोडून दुसऱ्याचं बांधणं.

अंदाजपत्रकात “ओढ्याचा तळ भरणे, प्रतवारीचे दगड, वाळू व मातीसह” ही स्वतंत्र बाब घाला. ती नसेल तर तिचं बिल निघत नाही, आणि बिल निघत नाही ते काम होत नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी सध्या जिल्ह्यात रस्त्यांची कामं जोरात आहेत. रुंदीकरणात तुमच्या ओढ्यावरची मोरी लांबवली जाणार असेल, तर ही बाब घुसवायची वेळ आत्ताची आहे.

## टप्पा ७: उलट्या क्रमाने वेळापत्रक

शेवटून मागे या. ३१ मेपर्यंत तळ भरून, धुऊन तयार. ३० एप्रिलपर्यंत स्लॅब ओतलेला, म्हणजे क्युरिंगला आणि सेंट्रिंग खोलायला वेळ मिळतो. मार्चअखेर पाया. मार्चच्या पहिल्या आठवड्यात जुनी मोरी निघालेली. त्याआधी वळण रस्ता तयार.

निविदा लांबून काम एप्रिलच्या मध्यात सुरू होणार असेल, तर या वर्षी जुनी मोरी फोडू नका. अर्धवट खड्ड्यात जूनचं पाणी शिरलं की रस्ताही जातो आणि ओढाही. वळवाचा पाऊस एप्रिल-मेमध्ये तासाभरात ओढा भरतो, तेव्हा सिमेंट, डिझेल आणि यंत्रं रात्री पात्रात ठेवायची नाहीत.

## टप्पा ८: पाणी वळवणं आणि डबकं रिकामं करणं

मार्चमध्ये ओढा कोरडा दिसला तरी मोरीखालच्या डबक्यात वर्षभराचा जीव कोंडलेला असतो. पोकलेन उतरवण्याआधी तो काढा.

वरच्या अंगाला मुरमाच्या गोण्यांचा बांध घाला आणि वाहतं पाणी काळ्या पाइपने कामाच्या खाली सोडा. पंप लावला तर सक्शनच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. डबक्याचं पाणी सकाळी लवकर, हळूहळू उतरवा. गुडघाभर राहिलं की बारीक जाळीने मासे काढा, ओढ्याच्याच पाण्याच्या बादल्यांत, सावलीत ठेवा आणि ज्या डोहात मेअखेर पाणी टिकतं तिथे लगेच सोडा. बादलीत गर्दी नको. शेवटच्या चिखलात हाताने चाचपा, वाम तिथे असते.

सावधान: डबकं उपसल्याची बातमी वाडीत पसरते आणि पातेली घेऊन मंडळी हजर होतात. त्यात राग धरण्यासारखं काही नाही, पण आदल्या दिवशी पोलीस पाटलांना आणि तरुण मंडळाला सांगून ठेवा. मासे सोडायचं काम त्याच पोरांना दिलं की प्रश्न मिटतो.

सिमेंटचं पाणी माशाला मारतं. मिक्सर धुतलेलं आणि क्युरिंगचं पाणी ओढ्यात जाता कामा नये. शेजारी खड्डा काढून त्यात मुरवा.

## टप्पा ९: जुनी मोरी काढणं

नळ्या काढणं अर्ध्या दिवसाचं काम. धोका त्यांच्या मागे साठलेल्या गाळात आहे. जुनी मोरी धरणासारखी तो धरून ठेवते. ती निघाली की पहिल्या पुरात गाळ सगळा खाली येतो आणि नवी मोरी भरून टाकतो. किंवा तळाला पडलेली कड वरवर सरकत जाते आणि काठावरची आंबा-करंजाची झाडं, भाताचे बांध कोसळवते.

म्हणून टप्पा ३ मधल्या रेषेपर्यंत वरचा गाळ खोदून काढा, ओढ्याच्या मूळ रुंदीइतकाच. गाळ शेतात न्यायला शेतकरी बहुधा तयार असतात. गोटे मात्र बाजूला रचून ठेवा, तळाला लागतील. गाळाचा थर पन्नास-साठ मीटरहून लांब असेल, तर रेषेच्या पातळीला दर आठ-दहा मीटरवर मोठ्या दगडांच्या पट्ट्या पुरा. माथा तळाबरोबर, वर डोकावणारा नको.

## टप्पा १०: पाया आणि काँक्रीट

यात लिहिण्यासारखं कमी आहे, कारण हे आपल्या ठेकेदारांना येतं. बघायचं ते पातळीचं.

तपासणी, पीसीसी (पायाखालचं बिनलोखंडी काँक्रीट) ओतण्याआधी: चारही कोपऱ्यांची पातळी रंगवलेल्या खुणेपासून स्वतः मोजा. आपल्या उदाहरणात पीसीसीचा माथा पेटीच्या तळाच्या जाडीएवढा आणखी खाली हवा. तो हिशेब मिस्त्रीसमोर मांडा. मोरीच्या दोन्ही तोंडांकडची एप्रन (तोंडापुढची फरशी) आणि कर्टन वॉल (तिच्या कडेला जमिनीत उतरवलेली भिंत) यांचे माथेसुद्धा ओढ्याच्या तळाखाली असले पाहिजेत. पेटी बरोबर गाडली आणि एप्रन वर राहिली, असं मी दोनदा पाहिलंय. मासा दारातच अडतो.

“साहेब, एवढं खाली गाडलं तर अर्धी मोरी मातीत जाईल ना,” असं मिस्त्री म्हणणारच. हो म्हणा. तेच करायचंय.

उन्हाळ्यात क्युरिंग किमान १० ते १४ दिवस, गोणपाट ओलं ठेवून.

## टप्पा ११: आतला तळ भरणं

सगळ्यात दुर्लक्षित टप्पा, आणि माशाच्या दृष्टीने मोरी म्हणजे हाच.

नुसते मोठे दगड भरले तर पाणी दगडांच्या फटीतून खालून निघून जातं आणि वर तळ कोरडा. मोरी बघायला सुंदर, मासा मात्र बाहेर. म्हणून मिश्रण लागतं: शंभर दगडांच्या यादीप्रमाणे मोठे, मधले, बारीक खडी, आणि साधारण दर दहा घमेल्यांत एक घमेलं वाळू-माती.

क्रम असा ठेवा:

१. सर्वांत खाली वीतभर जाडीचा मिश्र थर. पंपाने पाणी मारून बारीक माल फटींत धुऊन घाला. धुमसाने ठोका.

२. दुसरा थर तसाच. यात मोठे दगड निम्मे-अर्धे पुरून बसवा, विखुरलेले. एका ओळीत आडवे लावू नका, त्याचा बांध होतो.

३. दोन्ही भिंतींच्या कडेने अर्धा मीटर रुंदीचे दगडी काठ करा, उन्हाळी पाण्यापेक्षा उंच. खेकडे, बेडूक, घोरपड यांची कोरडी वाट हीच. भिंतीलगत पाणी सरळ पळून वेग पकडत नाही, तेही या काठांमुळेच.

४. मधोमध वीतभर खोल, किंचित वळणदार चारी ठेवा. जानेवारीतलं पाणी पसरून न जाता तिथून एकत्र वाहायला हवं.

मोठे दगड आत न्यायला बॉबकॅट चालतो. नाहीतर चार माणसं आणि पहारी.

सावधान: दगड सिमेंटात बसवायचे नाहीत, अगदी “फक्त वरचे” सुद्धा नाहीत. तळाने थोडं हलायचंच असतं, वरून नवे गोटे येतात आणि जुने जातात.

तपासणी: काम संपल्यावर टँकरभर पाणी वरच्या अंगाला सोडा. ते तळावरून वाहत दुसऱ्या तोंडाला दिसलं पाहिजे. मध्येच गडप झालं तर आणखी वाळू-माती धुऊन घाला, पुन्हा टँकर मागवा. याच्या बिलावरून वाद होतो. तो करा, पण पाणी वर दिसेपर्यंत काम ताब्यात घेऊ नका.

## टप्पा १२: पहिले तीन पावसाळे

पहिल्या पुरानंतर आत टॉर्च घेऊन जा. काँक्रीट कुठे उघडं पडलंय, चारी सरळ होऊन भिंतीला लागलीय का, खालच्या तोंडाशी पायरी तयार होतेय का, एवढं बघा. पायरी दिसली तर त्याच वर्षी दगड टाका. वितभराची पायरी दोन पावसाळ्यांत हातभर होते. अडकलेला ओंडका काढा. पण आत आपोआप साचलेले गोटे ठेकेदाराला “साफ” करू देऊ नका. जेसीबीवाला मोरी साफ करायला आला की आधी थांबवा आणि मगच बोला.

मासे चढतायत का हे बघायचं ते वरच्या अंगाला. पहिल्या पावसानंतर आठवडाभर सकाळी वरच्या डोहांत आणि ओढ्यालगतच्या भातखाचरांत बघा. पूर्वी न दिसणाऱ्या जाती दिसल्या की नोंद करा. एक अडचण माणसांची आहे. मोरीचं तोंड ही जाळं लावायला सोयीची जागा, आणि आता मासे तिथूनच जाणार. मोरीच्या दोन्ही बाजूंना पन्नास पावलं, पहिले पंधरा दिवस जाळं नाही, असा ठराव ग्रामसभेतून करून घ्या. उरलेल्या ओढ्यावर बंदी घालायला जाऊ नका, ती कोणी पाळणार नाही.

## यंदा मोरी बदलायला पैसे नसतील तर

उडी वीत-दीड वीत आणि नळीचा उतार कमी असेल, तर खालच्या डबक्याच्या काठावर मोठ्या दगडांच्या पायऱ्या रचून डबक्याची पातळी नळीच्या तोंडापर्यंत चढवता येते. प्रत्येक पायरी १५ सेंटिमीटरहून उंच नको, आणि मधोमध पाणी जाईल अशी खाच हवी. दगड जेवढे मोठे मिळतील तेवढे, निम्मे पुरलेले. दोन दिवसांचं श्रमदान पुरतं, पण दर जूनमध्ये डागडुजी लागते. फरशी पुलाला मधोमध फूटभर रुंद खाच कापून वरून लोखंडी जाळी टाकता येते. उथळ पाणी एका ठिकाणी खोल होतं. कापण्याआधी शाखा अभियंत्याला विचारा, फरशीत लोखंड कुठून गेलंय ते त्याच्या नकाशावर असतं.